जळण वाढलं

आमच्या पडवीतल्या खोलीत तीन वर्षं एक माणूस राहिला. त्यांचं आडनाव मला तेव्हाही नीट म्हणता आलं नाही आणि आजही येत नाही. त्यात एकामागून एक अशी जोडाक्षरं होती की माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हात टेकले. "आमच्या जिभेक नाय जमाचां," म्हणाल्या. "हो धूर मोजूक इलो ना? मग धूरकर!" आमच्या जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या आडनावाला शेवटी 'कर' असतोच, त्यामुळे हे नाव असं चपखल बसलं की महिन्याभरात पोस्टमनसुद्धा पुढच्या अंगणात, खळ्यात उभा राहून "धूरकर आसत काय?" विचारायला लागला. त्यांना स्वतःलाही ते आवडलं असावं. ग्रामपंचायतीच्या एका कागदावर त्यांनी खरोखरच तशी सही केली होती, ती मी डोळ्यांनी बघितली आहे.

होते ते बंगालकडचे. वय पन्नाशीच्या पुढे, उंच, काटकुळे, चष्म्याची दांडी सुतळीने बांधलेली. राजधानीतल्या कुठल्याशा संशोधन संस्थेने त्यांना तीन वर्षांच्या कामावर आमच्या गावात पाठवलं होतं. आमचं गाव मालवणहून मसुऱ्याला जाताना खाडीच्या अंगाला आहे. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमचे हे देवगडला एका आंब्याच्या बागेत नोकरीला, घरी येणार ते रविवारी. घरात मी आणि सासूबाई, आणि पडवीतली खोली रिकामी. सरपंचांनी विचारलं, आम्ही हो म्हटलं. मी शिकलेली चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन गुळाच्या पुडीच्या कागदावर झालेलं. त्यामुळे संशोधक म्हणजे कसा असतो हे बघायची मलाच जास्त हौस होती.

त्यांचं मराठी एकदम झकास होतं. पुस्तकातून शिकून आलेले, शब्द सगळे माहीत, पण नर-मादी काही कळत नव्हतं. "तुमचा चूल चांगला आहे." "माझा मा फार प्रेमळ होता." शिवाय 'व' त्यांच्या तोंडात शिरला की 'ब' होऊन बाहेर यायचा. मला वहिनी म्हणायला गेले की बहिनी व्हायचं. चार दिवसांत शेजारच्या तारामावशीने जाहीर केलं, की हा माणूस भाऊ लागतो. भाऊ तर भाऊ.

आल्या आल्या त्यांनी माझी चूल बघायला मागितली. मी दाखवली. मग म्हणाले, "दुसरा चूल पण आहे ना? सरकारचा?" होती. आदल्या कुठल्याशा योजनेत घरोघरी बिनधुराच्या चुली बसवून गेले होते, तशी आमच्याकडेही मागच्या भिंतीला एक बसवलेली होती. त्यात मी कांदे ठेवायची. धूरकरांनी गुडघ्यावर बसून एकेक कांदा बाहेर काढला, आत बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बहिनी, हा चूल कुमारी आहे."

सासूबाई आतून हसत सुटल्या, त्यांना खोकल्याची उबळ आली. तो खोकला जन्माचा होता. धूरकर ऐकत उभे राहिले आणि खिशातून वही काढून त्यांनी काहीतरी लिहिलं. आमच्या घराबद्दल त्यांनी लिहिलेलं पहिलं वाक्य ते. पुढे मी वाचलं, त्यात कांद्यांचाही उल्लेख होता.

तारामावशीकडच्या सरकारी चुलीत कोंबडी अंड्यांवर रवणीला बसली होती. तेही लिहिलं.

त्यांचं म्हणणं काय होतं, ते मला समजलं तसं सांगते. जगातल्या सगळ्या देशांना आता हिशोब द्यावा लागतो म्हणे, की आपण वर्षाला किती धूर आभाळात सोडतो. कारखान्यांचा, गाड्यांचा, विजेचा मोजायला माणसं आहेत. चुलीचा धूर मात्र राजधानीत टेबलावर बसून मोजतात. इतकी घरं, घरामागे इतकं लाकूड, केला गुणाकार. आणि धूर कमी किती झाला? तर इतक्या चुली वाटल्या, म्हणजे तितका कमी झाला. "बहिनी, त्या हिशोबात तुमच्या कांद्याने पण देशाचा धूर कमी केला आहे!" असं म्हणून ते टाळी मागायचे.

चुली वाटायला पाहिजे तेवढे पैसे मिळतात, पण वाटलेली चूल पेटते का, आणि नाही पेटत तर का नाही, हे बघायला कुणी पैसे देत नाही, हे त्यांचं मोठं दुखणं. तरुणपणी ते स्वतः त्याच टेबलावर होते. वीस वर्षं गुणाकार केले. मग एके दिवशी त्यांच्या मनात आलं की आपण आयुष्यभर धूर मोजतो आहोत आणि आपल्या डोळ्यांत एकदाही पाणी आलेलं नाही. कितीतरी अर्ज केल्यावर हे तीन वर्षांचं काम मिळालं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी समिती येणार होती. समितीला पटलं तर पुढे अख्ख्या किनारपट्टीवर हे काम व्हायचं होतं. नाही पटलं तर बंद. "मग मी परत टेबल. कागदाचा धूर. तो डोळ्यात जात नाही," म्हणायचे.

आमच्या दोन वाड्यांतल्या बावीस चुली त्यांनी धरल्या होत्या. त्यांचं एकेक वागणं असं, की गावाला करमणूक फुकट. प्रत्येक चुलीच्या वर टांगायला पांढऱ्या कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा द्यायचे. आठ दिवसांनी परत घ्यायचे आणि आमच्या खळ्यातल्या दोरीवर नंबर लावून ओळीने अडकवायचे. पाण्याला जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या.

"तीन लंबर कोणाचो गो? कोळशाच्या पोत्यासारखो दिसता तो?"

"तुझोच तो! ओळखलंस नाय?"

"माझो नाय हां. मी फुकणीन फुकतंय, तुझ्यासारखो पदर मारून वारो नाय घालत."

तीन नंबरची बाई दुसऱ्या आठवड्यापासून चूल पेटवण्याआधी रुमाल काढून ठेवायला लागली आणि सोमवारी पांढराशुभ्र परत द्यायला लागली. धूरकरांना ते कळलं नाही असं नाही. त्यांनी तो रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "साबण छान आहे." बाई लाजून पळाली. त्यानंतर मात्र खरा काळा रुमाल येऊ लागला.

नाक त्यांचं विलक्षण. अंगणात उभे राहून सांगायचे, आज किंजळीचं लाकूड जाळलंय, आज नारळाची सोडणं. एकदा म्हणाले, "बहिनी, काजू नका जाळू, डोळ्याला वाईट." काजूची फांदी मी त्या दिवशी पहिल्यांदाच लावली होती. खायचं मात्र त्यांचं मोहरीच्या तेलात. ते तेल पार्सलने यायचं. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "ह्या तेलान गुडघे चोळतत, बाबा. खातत नाय." ते म्हणायचे, "मा, मी दोन्ही करतो." सासूबाईंना ते मा म्हणायचे आणि सासूबाई त्यांना अरे-तुरे करायच्या. काटेरी पेडवे मासे त्यांच्यासारख्या सफाईने खाणारा माणूस मी आमच्या खाडीवरही बघितला नाही. त्या एका गुणावर सासूबाईंनी त्यांना बाकी सगळं माफ केलं होतं.

आंगणेवाडीच्या जत्रेलाही नेलं आम्ही त्यांना. लोक देवीच्या रांगेत उभे, आणि हे रांग सोडून मागे जिथे मोठमोठ्या चुलाण्यांवर अन्न शिजत होतं तिथे जाऊन उकिडवे बसलेले. शोधून शोधून दमलो. सापडले तेव्हा डोळे लाल, चेहरा काळा आणि इतके खूश, की मला रागावता आलं नाही.

आता सोमवारचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्या सोमवारांची आहे.

दर सोमवारी प्रत्येक घरी ते वजन केलेला जळणाचा एक भारा द्यायचे. ताणकाट्याला लटकवून वजन करायचे आणि लाल दोरा बांधायचे. आठ दिवस पुरून थोडं उरावं अशा अंदाजाचा भारा. पुढच्या सोमवारी येऊन विचारायचं, जळण किती राहिलं. राहिलं असेल तर त्याचं वजन. त्यावरून चूल किती लाकूड खाते ते कळणार. चूल बघायला-घालायला बोलावलं तर वेगळं, एरवी पुरुषमाणूस परका, त्यामुळे सैपाकघरात शिरायची पद्धत नाही. ते पडवीत बसून विचारायचे आणि बाई आतून उत्तर द्यायची. आमच्याकडे सासूबाई द्यायच्या.

"मा, जळण किती राहिला?"

"वाढलां."

"बाढला?"

"वाढलां, वाढलां."

"किती बाढला?"

"किती म्हंजे काय रे? सगळां वाढलां!"

धूरकर मान खाली घालून लिहायचे. लिहिताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की कुणाची तरी वाईट बातमी आली आहे. मला वाटायचं, मोहरीच्या तेलाने पित्त झालं असेल. मी ताकाचा पेला नेऊन ठेवायची.

पहिल्या वर्षी त्यांनी बावीस घरी आपली नवी चूल बसवली. संस्थेत ती उत्तम चालली होती म्हणे, निम्म्या लाकडात भात. आमच्याकडे मात्र त्यांच्या वहीप्रमाणे ती राक्षसासारखी जाळत होती. चार महिन्यांनी त्यांनी बावीसच्या बावीस चुली फोडल्या आणि तोंड लहान करून पुन्हा घातल्या. सोमवारी उत्तर तेच. पुन्हा फोडल्या, आत मातीचं कडं बसवलं. पुन्हा तेच. माणूस वाळत चालला. जेवताना पानातल्या भाताकडे बघत बसायचा, जणू त्या भातानेच दगा दिला.

तिसऱ्यांदा फोडायला आले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या हातातली पहार काढून घेतली.

"पुरे झाला तुझां सिमीट. तडे जातत, तेतूर वारो घुसता, म्हणान जळाण जाता. चूल कशी घालतत ता माका विचारलंस कधी?"

"नाही, मा."

"कित्याक नाय विचारलंस?"

सासूबाई त्यांना घेऊन मागच्या भरडाच्या माळावर गेल्या, वारुळाची माती आणवली, त्यात भाताचा तूस आणि शेण घालून त्यांच्याकडूनच पायाने तुडवून घेतली. हे संशोधक, लुंगी गुडघ्यावर, आणि सासूबाई काठी टेकून हुकूम सोडतायत. मग दुसरी तक्रार त्यांनी पुढे केली. धूर धुराड्याने बाहेर गेला तर चुलीवर बांधलेल्या लाकडी उतवाला टांगलेलं काकडी-भोपळ्याचं बी किडतं. कोकमाची सोलं बुरसतात. नुसतं "धूर वाईट, धूर वाईट" काय चालवलंय? धूरकर जागच्या जागी थांबले. चिखलाच्या पायांनीच पडवीत जाऊन वहीत लिहून आले. मग त्यांनी धुराड्याला एक छोटं झाकण ठेवलं. बी धुरवायचं असेल तेव्हा उघडायचं, एरवी बंद. वाडीत त्याला 'बियाची खिडकी' नाव पडलं. त्या एका खिडकीसाठी बायकांनी ती चूल आपली मानली. कांदे पुन्हा टोपलीत गेले.

ही मातीची चूल खरोखरच गुणी निघाली. रुमाल पांढुरके राहू लागले. सासूबाईंचा खोकला कमी झाला, इतका, की एखाद्या सकाळी तो ऐकू आला नाही तर मी दचकून त्यांना बघायला जायची. आणि सोमवारी भाऱ्यातली लाकडं उरायला लागली. धूरकर ती काट्याला लावायचे आणि आकडा दोनदा वाचायचे.

समिती यायला आठ दिवस होते. नोंदींची एक स्वच्छ मराठी प्रत ओरोसच्या कचेरीत द्यायची होती. त्यांचं अक्षर म्हणजे वाळूवरून खेकडा गेलेला. माझं अक्षर गोल. मला म्हणाले, "बहिनी, तुम्ही लिहाल?" मला कोण आनंद. दुपारची आवराआवर झाली की मी पडवीत त्यांची वही समोर घेऊन उतरवून काढायला बसायची.

पहिल्या वर्षाच्या पानांवर मला जिकडे तिकडे एक खूण दिसायला लागली. वर तोंड केलेला बाण. काही ठिकाणी दोन बाण. आमच्या घरापुढे तर बाणांचं रान.

"धूरकर, हा बाण कसला?"

ते चहा पीत होते. "बाढला," म्हणाले.

"काय वाढलं?"

"जळण. भारा पुरला नाही, घरातलं आणखी जाळलं. मी दीड भारा धरतो. दोन बाण असेल तर दोन."

मला आधी हसूच आलं. तोंडाला पदर लावून हसले. मग हसता हसता लक्षात आलं की मी कशाला हसते आहे, आणि मी पेन खाली ठेवलं.

"अहो धूरकर, वाढलं म्हणजे संपलं."

"नाही बहिनी. बाढला म्हणजे जास्त झाला. मी शब्दकोश बघितला आहे."

"शब्दकोशात असेल. चुलीपुढे नाही. घरातली वस्तू संपली असं तोंडाने म्हणायचं नसतं. तांदूळ संपले तर वाढले म्हणायचं. मीठ वाढलं. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो आम्ही. बाकीच्या घरांत जळणाला नसतील म्हणत, पण आमच्या सासूबाई जळणालाही संपलं म्हणू देत नाहीत. चुलीपुढची वस्तू ना ती! आणि त्यांच्या धाकाने सगळी वाडी तसंच म्हणते. सगळं वाढलं म्हणजे, अहो, भारा संपला. तेवढाच. जास्त काही जाळलं नाही कुणी."

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता चिडतील. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "चाल बाडोंतो."

"काय?"

"माझा मा. तांदूळ संपला की दारातून बाबांना सांगायचा, चाल बाडोंतो. तांदूळ बाढला. आमच्याकडे पण संपला म्हणत नाहीत." त्यांनी चष्मा काढला. "मी सहा वर्षांचा होतो, बहिनी. मी खूश व्हायचो. वाटायचं, आज भात जास्त! आणि त्याच दिवशी भात कमी असायचा. मला कळायचं नाही का." मग ते हसले. "आता मी छप्पन वर्षांचा आहे. तोच चूक."

सासूबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना मी सांगितलं काय झालं ते. त्या जवळच्या पिढ्यावर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अरे बाबा, मग तीन-तीनदा चूल फोडलंस ती माझ्या शब्दान?"

मी धूरकरांना म्हटलं, काही बिघडलं नाही. मी रात्रंदिवस बसून सगळे बाण खोडते, बाणाच्या जागी 'भारा संपला' लिहिते. आठ दिवसांत होईल. कुणाला कळायचंसुद्धा नाही.

"सगळे बाण?" त्यांनी विचारलं. "गणपतीच्या आठवड्यात तुमच्याकडे मुंबईची माणसं होती. तेव्हा खरंच जास्त लागलं. शिमग्यात पण. तीन नंबरच्या घरातली सून रत्नागिरीत शिकलेली, ती संपला म्हणते, आणि बाढला म्हणते तेव्हा बाढलाच असतो. कुठला बाण कुठला, तुम्ही सांगू शकता?"

दीड वर्षापूर्वीच्या सोमवारी कुणी कुठल्या अर्थाने काय म्हटलं, कोण सांगणार?

"मग नाही खोडायचे. सगळे रद्द."

दोन दिवस पट्टी घेऊन ते बसले आणि अडीच वर्षांच्या पानांवर एकेक तिरकी रेघ मारत गेले. मी बघितलं ते. कुणी स्वतःच्या शेतातलं उभं भात कापून टाकावं तसं ते दिसत होतं. शेवटच्या काही महिन्यांचं, वजन केलेल्या उरलेल्या लाकडांचं, तेवढं राहिलं. पण नवी चूल लाकूड कमी खाते हे सांगायचं, तर कशापेक्षा कमी, हे सांगायला मागचं काहीच उरलं नाही.

समिती आली. तिघे जण होते. मी सोलकढी केली, खापरोळ्या केल्या. साहेब मोठे अदबीचे होते. त्यांनी रुमाल बघितले, चूल बघितली, बियाची खिडकी स्वतः उघडून बघितली. मग वही चाळायला लागले आणि रेघांच्या पानांपाशी थांबले.

"हे सगळं रद्द का केलंय?"

धूरकरांनी उभं राहून सांगितलं. शब्दाचं, बाणाचं, सगळं. एक जण फस्सकन हसला. मोठे साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "अहो, नोंदी उपलब्ध नाहीत एवढं लिहिलं असतंत तरी चाललं असतं."

"नोंदी उपलब्ध आहेत, साहेब. चूक आहेत."

इतका वेळ आत बसलेल्या सासूबाई काठी टेकत पडवीत आल्या. डोक्यावर पदर, पण आवाज खणखणीत. "तेका बोलू नुको. तेची चूक नाय, माझ्या तोंडाची आसा. माका लिवा काय लिवचां ता. पण संपलां म्हणूचंय नाय हां मी. तुमी दिल्लीसून इलास तरी नाय!"

साहेबांनी त्यांना नमस्कार केला. खापरोळ्या आवडल्या म्हणाले. गेले.

महिन्याभरात पत्र आलं. चुलीत सुधारणा दिसते, परंतु आकड्यांवरून ती सिद्ध होत नाही, सबब काम पुढे चालवता येणार नाही. धूरकरांनी ते मला वाचून दाखवलं, घडी घातली आणि म्हणाले, "बरोबर लिहिला आहे." एवढंच. मला त्या माणसाचा त्या दिवशी जितका राग आला, तितका आधी कधीच आला नव्हता. अरे, जरा तरी चिड ना कुणावर!

जाताना ते बावीस घरी जाऊन आले. आमच्या चुलीवरचा शेवटचा, पांढुरका रुमाल त्यांनी घडी करून खिशात ठेवला. ताणकाटा मला दिला. म्हणाले, "ठेवा, बहिनी. आंबे मोजायला होईल." कुडाळच्या गाडीत बसले. टेबलाकडे परत गेले.

काटा तीन आठवडे पडवीच्या खुंटीला नुसता लटकत होता. चौथ्या सोमवारी मी भाऱ्याला लाल दोरा बांधला.

का ते मला सांगता येणार नाही. सवय, दुसरं काय. वजन केलं, कॅलेंडरच्या मागे लिहिलं. मग एक वही आणली. तारामावशीने कुंपणावरून बघितलं.

"काय गो, तू आता धूरकरीण झालंस?"

"झालंय. तुझो भारो हाड हय, तोव मोजतंय."

"माझो कित्याक?"

"तुझी चूल जास्त खाता म्हणान सगळे बोलतत. खरां-खोटां होऊन जांवदे."

कुणी तसं बोललं नव्हतं. पण तारामावशी दुसऱ्या दिवशी भारा घेऊन हजर. तिच्यामागून आणखी काही जणी आल्या. बावीसच्या बावीस नाही, नऊ घरं झाली. मी दारातून विचारत नव्हते, मी सैपाकघरात शिरू शकत होते. जळणाचा कोपरा डोळ्यांनी बघायचा आणि मगच लिहायचं. आणि एक गोष्ट मला त्या रेघा मारलेल्या पानांनी शिकवली होती. 'कशापेक्षा कमी' हे आधी पाहिजे. म्हणून घराच्या आवाठातल्या मांगरात, मागच्या झोपडीत मी जुन्या पद्धतीची तीन दगडांची चूल मांडली, आणि एक महिना नव्या चुलीवर, एक महिना जुन्या चुलीवर असा सैपाक केला. डोळ्यांना धारा लागायच्या. सासूबाई म्हणायच्या, "जुनी पेटव नायतर नवी पेटव, माका भात वेळेर मेळांदे." पण जुनीच्या महिन्यातही त्या मांगरात चुलीपाशी येऊन बसायच्या; खोकला परतला, तशा त्या स्वतःच दिवस मोजायला लागल्या. एकदाही "पुरे" म्हणाल्या नाहीत. आपल्या शब्दाने झालेलं त्या आपल्या खोकल्याने फेडत होत्या, असं मला वाटतं. बोलून कधी दाखवलं नाही त्यांनी.

वर्ष उलटून गेलं आणि वहीचं शेवटचं पान आलं. शेवटची नोंद करून खाली एक ओळ जागा उरली. पत्र लिहायचं तर काय लिहू? मोठ्या माणसाला लिहायची मला सवय नाही. त्या एका ओळीत मी लिहिलं, "वही वाढली." आणि ती पार्सल करून त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर पाठवून दिली.

तीन महिने काही नाही. मी मनात म्हटलं, टेबलावरच्या ढिगात गेली असेल.

मग एका सकाळी पोस्टमन खळ्यात येऊन म्हणाला, "धूरकरांचां पार्सल इलां." पाठवणाऱ्याच्या जागी खरंच तेवढंच लिहिलेलं होतं, धूरकर. आत चार कोऱ्या वह्या. पहिल्या वहीत त्यांनी स्वतः रेघा आखून दिल्या होत्या. घर, दिलेलं वजन, उरलेलं वजन. पूर्वी जिथे बाण असायचा तो शेवटचा रकाना तसाच होता, पण त्याच्या डोक्यावर आता शब्द होता, 'वाढलं'. व स्वच्छ, पोटात रेघ नसलेला. आणि पहिल्या पानाच्या वर, खेकड्याच्या अक्षरात: "तुमची वही मिळाली. मोठ्या साहेबांनी वाचली, पुन्हा मागितली आहे. वही वाढली, म्हणून नवी पाठवली."

नर-मादीची एकही चूक नव्हती. मी तीनदा वाचलं.

"काय लिवल्यान गो?" सासूबाईंनी विचारलं.

"वही वाढली म्हणतत."

त्या चुलीपाशी बसल्या होत्या. बियाची खिडकी उघडून भोपळ्याच्या बियांना धुरी देत होत्या. वर बघून म्हणाल्या, "तो शिकलो रे बाबा."